डोळा भरण्यापूर्वी हात बसू द्या

नीरेकाठचे अकलूज उसासाठी प्रसिद्ध आहे. परंतु माळशिरस तालुक्यातील साऱ्याच जमिनीस कालव्याचे पाणी मिळत नाही. मुरमाड माळावर व बांधांवर आपोआप उगवलेली गावठी बोरीची झाडे मात्र पावसाने दगा दिला तरी तग धरतात, कारण त्यांची मुळे खोल जातात. त्यांच्या बारीक फळांस बाजारात फारसा भाव मिळत नाही. याच झाडांवर उमराणसारख्या चांगल्या जातीचा डोळा भरला, तर खर्च थोडा होतो आणि पडीक झाड उत्पन्नाचे साधन बनते.

हे काम दिसावयास सोपे आहे. प्रात्यक्षिक पाहून आलेल्या तरुणास वाटते की, उद्यापासूनच दिवसाला शंभर डोळे भरावेत. घाई नडते ती येथेच.

गावठी झाड एप्रिल-मे महिन्यांत छाटले म्हणजे पावसाच्या सुमारास नवे धुमारे फुटतात. त्यांपैकी जोमदार व सरळ धुमारे राखून बाकीचे काढावेत. धुमारा पेन्सिलीएवढा जाड झाला आणि साल सहज सुटू लागली, म्हणजे डोळा भरण्याची वेळ आली असे समजावे. धुमाऱ्याच्या गुळगुळीत भागावर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा छेद द्यावा. छेद सालीपुरताच असावा. चाकू लाकडात रुतू देऊ नये. भरघोस फळणाऱ्या निरोगी झाडाच्या पक्व फांदीवरून सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीचा, ढालीच्या आकाराचा डोळा काढावा. पानाचे देठ त्यास राहू द्यावे. डोळ्याची आतील बाजू बोटाने शिवू नये, तीस माती लागू देऊ नये व ती सुकू देऊ नये. डोळा सालीखाली अलगद सरकवून वर-खाली पॉलिथिनची पट्टी घट्ट बांधावी; डोळ्याचे तोंड तेवढे उघडे ठेवावे.

या प्रत्येक सूचनेमागे कारण आहे. सालीखालचा ओलसर थर हाच वाढणारा थर होय. दोन्ही झाडांचे हे थर एकमेकांस भिडले तरच सांधा जुळतो. बांधणी सैल राहिली, तर मध्ये हवा शिरून डोळा वाळतो. म्हणून नवशिक्याने प्रथम छाटलेल्या फांद्यांवर सराव करावा. साल न फाटता सलग दहा डोळे बसू लागले, म्हणजे मगच उभ्या झाडास हात लावावा.

डोळा भरल्यावर खरी कसोटी धीराची असते. पट्टी सोडून रोज पाहण्याचा मोह आवरावा. दोन-तीन आठवड्यांनी देठास बोट लावावे. डोळा हिरवा असून देठ सहज गळून पडले, तर डोळा लागला. देठ वाळून तेथेच चिकटून राहिले, तर तो फुकट गेला. साल सुटत असेतो त्याच धुमाऱ्यावर दुसरा डोळा भरता येतो. परंतु हंगाम सरला की पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते. लागलेला डोळा फुटू लागला म्हणजे त्याच्या वरील शेंडा कापावा व खालून येणारी गावठी फूट वरचेवर काढावी. नाहीतर झाड पुन्हा गावठीच होते.

गावात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. पहिल्याच प्रात्यक्षिकात डोळे वाळले, तर गावकरी कारागिराच्या हातास बोल लावीत नाहीत. ‘आपल्या माळावर हे जमत नाही’ असे म्हणतात, आणि एक चांगली पद्धत वर्षानुवर्षे मागे पडते. तेव्हा प्रारंभी थोडीच झाडे घ्यावीत. किती डोळे भरले, किती लागले आणि न लागलेले का वाळले, याची वहीत नोंद करावी. वाळलेला डोळा सोडून पाहिला म्हणजे चूक बहुधा तेथेच सापडते.

शेतकरी बंधूंनो, वेग मागाहून आपोआप येतो. परंतु एकदा हातास लागलेले चुकीचे वळण सहजी सुटत नाही. आधी हात बसू द्या, मग संख्या मोजा.