नेमबाजीसाठी पहिली रायफल
हौशी लक्ष्यवेधासाठी नवशिक्याने प्रथम ४·५ मिमी. व्यासाची हवाई रायफल निवडणे इष्ट असते. स्प्रिंगच्या रायफलीत दट्ट्याच्या हादऱ्याने छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वीच नेम ढळू शकतो. संपीडित हवेच्या रायफलीत हादरा अत्यल्प असतो, मात्र ती महाग पडते. १० मी. अंतरावरील स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका अवघा ०·५ मिमी. असल्याने शक्तीपेक्षा स्थैर्य निर्णायक ठरते. स्पर्धेत रायफलीचे वजन ५·५ किग्रॅ.पर्यंत चालते, परंतु न पेलणाऱ्या वजनामुळे वा बेताच्या नसलेल्या दस्त्यामुळे अंगी जडलेली सदोष ढब पुढे सहसा सुटत नाही. म्हणून रायफल खांद्याला लावून पाहूनच घ्यावी. भारतात ‘शस्त्र नियम, २०१६’ अन्वये ४·५ मिमी.हून अधिक व्यासाच्या किंवा २० जूलहून अधिक ऊर्जेच्या हवाई रायफलीस परवाना लागतो. परवान्याची गरज नसली, तरी छर्रा डोळा कायमचा निकामी करू शकतो. त्यामुळे रायफल नेहमी भरलेलीच समजावी.