दिवाळीआधी शिवा गोधडीचा चौक

दसरा सरला की ऊन कडक, हवा कोरडी. जुनी लुगडी-धोतरे धुऊन वाळवावीत आणि थंडीआधी गोधडी शिवायला घ्यावी.

भगिनींनो, सुरुवात एका चौकापासून करा. सुती कापडाचे 5 इंची चार चौकोन कापा. दोन झेंडूच्या रंगाचे, दोन हिरवे. एका रंगाचे तिरकस समोर येतील असे मांडून पाव इंच आत शिवा. असे चार चौक जोडले की भाऊबीजेच्या पाटावरचे दीड फुटी आसन होते. वाढवत नेले की गोधडीचा वरचा पदर. खाली जुन्या धोतराचे दोन-तीन थर घालून कडेकडेने आत धावदोरा घालावा, ओळींत बोटभर अंतर ठेवावे.

मात्र एक पथ्य पाळाच. फवारणीच्या वेळी अंगावर असलेले कपडे आणि औषध लावलेल्या बियाण्याच्या पिशव्या गोधडीत घालू नयेत. विषाचा अंश धुऊनही पुरता जात नाही, आणि तान्हे मूल गोधडीचे टोक तोंडात घालते. ते कपडे वेगळे धुऊन फक्त फवारणीसाठीच ठेवावेत. चिंधी घेण्याआधी घरधन्याला विचारा, ‘हे कुठे वापरले होते?’