माळ्यावरचे सामान कुणाचे?

मे महिना लागला की रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या मोहल्ल्यांत वर्षभर बंद असलेली दारे उघडू लागतात. कुवेत, दुबई, कतारहून माणसे सुट्टीवर येतात. मुंब्रा आणि मीरा रोडची मंडळी पोराबाळांसह उतरतात. निकाह होतात, आंबे होतात, दावती होतात. पावसाआधी कौले परतायची असतात, म्हणून एखाद्या दुपारी कोणीतरी माळ्यावर चढते आणि वरून हाक येते, "अहो, हे सगळे ठेवायचे की काढायचे?"

"हे सगळे" म्हणजे काय, ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. कलई उडालेले तांब्याचे टोप. बोटीने मुंबईला जा-ये करायच्या काळातल्या पत्र्याच्या ट्रंका. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या, त्यांतल्या अर्ध्यांना झाकण नाही. आखातातून आलेली जाडजूड ब्लँकेटे, जी रत्नागिरीच्या हवेत दहा वर्षांत दहा रात्रीही अंगावर घेतली गेली नाहीत. थर्मास, बंद पडलेला टेपरेकॉर्डर, पाहुण्यांसाठी जपून ठेवलेला आणि पाहुणे आले तरी न निघालेला डिनर सेट. शिवाय दोरीने बांधलेले दोन-तीन खोके, ज्यांत काय आहे ते आता कोणालाच आठवत नाही.

घर आवरण्याबद्दल हल्ली खूप सांगितले जाते. जपानच्या मारी कोंडो यांची पद्धत तर आपल्या मुली-सुनांच्या मोबाईलवरही पोचली आहे. वस्तू हातात घ्या, मनाला आनंद होतो का ते पाहा, होत नसेल तर तिचे आभार मानून तिला निरोप द्या. स्वतःच्या कपाटापुरती ही रीत चांगली आहे. कपड्यांसाठी ती आम्हीही वापरून पाहिली आणि दोन गाठोडी मोकळी झाली. पण माळ्यावर ती चालत नाही, कारण तिथली वस्तू बहुतेक वेळा हातात घेणाऱ्याची नसतेच. म्हणून आमच्या मते पहिला प्रश्न "हवे की नको" हा नसून "कुणाचे" हा आहे.

काही सामान अमानत असते. चुलतभावाने नैरोबीला जाताना ठेवलेली पेटी, शेजारच्या खालांनी मुलाकडे मुंबईला जाताना दिलेली शिलाई मशीन. ती वीस वर्षे तुमच्या माळ्यावर आहे म्हणून तुमची होत नाही. पूर्वी पत्र पाठवून उत्तराची वाट पाहावी लागे, आता व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला की त्याच दिवशी "देऊन टाका" किंवा "मी येतो, थांबा" असे कळते. हा एक निरोप टाळला म्हणून नात्यांत उभ्या राहिलेल्या अबोल्याच्या कहाण्या आपल्यापैकी कोणी ऐकल्या नाहीत?

त्याहून मोठा भाग मरहूम माणसांच्या सामानाचा. याबद्दल थोडे सविस्तर लिहायलाच हवे, कारण जमीन आणि घर यांबाबत जागरूक असलेले लोकही भांडी-कपड्यांबाबत सहज चूक करतात. माणूस गेल्यावर त्याच्या मालकीचे जे काही मागे राहते, सुईपासून शेतापर्यंत, तो सगळा तरका. कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत असेल तर ती, जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंत, आणि उरलेल्यात वारसांचे ठरलेले हिस्से. बीवीचा राहून गेलेला महर हेही कर्जच. समजा एक गृहस्थ गेले आणि मागे बीवी, एक मुलगा आणि दोन मुली आहेत. सगळ्याचे 32 भाग केले तर बीवीला 4, मुलाला 14 आणि प्रत्येक मुलीला 7 भाग येतात. हा हिशेब शेताला लागतो तसाच टोपांना आणि कपाटालाही लागतो.

प्रत्यक्षात काय होते? घर मुलाकडे राहते, म्हणून घरातले सगळे त्याचे, असे धरून चालतो आपण. मुली सासरी असतात. त्यांना विचारले तर त्या म्हणतात, "मला काही नको, दादा, तुम्ही ठेवा." पण बहुतेक घरांत त्यांना विचारलेच जात नाही. आईच्या माहेराहून आलेला तांब्याचा हंडा एका सकाळी भंगारवाल्याच्या काट्यावर चढतो, आणि मुलीला ते पुढच्या मे महिन्यात कळते. रक्कम किती, चार-पाच हजार. पण तिच्या मनात जे राहते त्याला काटा नाही. "भांडी ती काय, इस्टेट आहे का?" असे म्हणणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे की तो हंडा आईचा होता, त्यात बापाचा हिस्सा होता, भावाचा होता आणि बहिणीचाही होता.

आणखी एक गोष्ट, जी चाळीस दिवसांच्या धावपळीत विसरली जाते. वारसांत अल्पवयीन मूल असेल तर त्याच्या हिश्शाचे सामान कोणीही दान करू शकत नाही, त्याच्या आईलाही तो अधिकार नाही. सवाबासाठी म्हणून मरहूमांचे कपडे, घड्याळ, चांगली चादर लगेच वाटून टाकली जाते. हेतू नेक असतो, पण त्यात यतीमाचा हिस्सा मिसळलेला असू शकतो. मोठे वारस राजी असतील तर आपापल्या हिश्शातून काय वाटेल ते द्यावे. मुलाचा हिस्सा आधी बाजूला काढावा. गुंता असेल तर मौलानांसमोर कागदावर यादी ठेवून विचारावे, तोंडी नको. यादी केली की निम्मे वाद तिथेच विरतात, कारण वस्तू जेवढी मनात मोठी असते तेवढी कागदावर दिसत नाही. ज्या वस्तूचे तुकडे होत नाहीत तिची किंमत धरून एकाने ती घ्यावी आणि बाकीच्यांनी दुसरे काही घ्यावे, हे राजीखुशीने सहज होते.

चिपळूणने जे दाखवले

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा सामान आवरण्याचा प्रश्न एका रात्रीत हजारो घरांवर येऊन पडला. पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाद्या, फ्रीज, कपाटे, धान्याची पोती, शाळेची दप्तरे यांचे ढीग लागले होते. 26 जुलै 2005 चा महापूर पाहिलेली माणसेही यावेळी हबकली. 1864 साली सुरू झालेल्या तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकेसुद्धा दोन्ही पुरांत भिजली.

त्या ढिगांत काय होते आणि काय नव्हते, हे पाहण्यासारखे होते. भुश्श्याच्या फळ्यांचे नवे फर्निचर फुगून फुटले. गाद्या गेल्या, सोफे गेले. तांबे, पितळ, स्टील, काच आणि चिनी माती मात्र धुऊन परत मांडणीवर आली. सगळ्यात जास्त हळहळ झाली ती कागदांची आणि फोटोंची. कपाटाचा खालचा कप्पा सुरक्षित म्हणून तिथेच ठेवलेले दाखले चिखलाचे गोळे झाले, अल्बमची पाने एकमेकांना चिकटली. आणि ज्या घरांत पाणी माळ्याच्या खालीच थांबले, तिथे "अडगळ" म्हणून हिणवलेलेच तेवढे कोरडे राहिले. कोकणात वाळवी आहे, कसर आहे, चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस आहे. तेव्हा काय ठेवायचे याइतकेच कुठे ठेवायचे हेही महत्त्वाचे. कागद उंचावर, प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि त्यांचे फोटो घरातल्या दोन माणसांच्या मोबाईलमध्ये, एवढे तरी करून ठेवावे.

कागदांच्या बाबतीत आम्ही कंजूष आहोत, आणि तसेच असावे असे आम्हाला वाटते. रद्दीत जाण्याआधी प्रत्येक कागद उघडून पाहावा. जुना सातबारा, फेरफाराचा उतारा, निकाहनामा, जुने पासपोर्ट, शाळा सोडल्याचा दाखला यांतला एकही टाकू नये. नावाच्या स्पेलिंगवरून पासपोर्ट अडला की आजोबांचा शाळेचा दाखलाच उपयोगी पडतो, हे आखातात माणसे पाठवणाऱ्या घरांना सांगायला नको. मोडी लिपीतले कागद वाचता येत नाहीत म्हणून फाडले जातात. सामायिक जमिनीत कोण कुणाचा वारस, हे कधी कधी तेवढ्याच कागदावर असते. याउलट विजेची पंधरा वर्षांपूर्वीची बिले, बंद झालेल्या मिक्सरची वॉरंटी आणि मुदत संपलेली परदेशी औषधे निर्धास्त काढा.

तांबे, कॅसेट आणि लग्नपत्रिका

तांब्याच्या भांड्यांबद्दल घराघरांत दोन पक्ष असतात. एक म्हणतो विका, तांब्याला भाव आहे. दुसरा म्हणतो आजीची आठवण. आम्ही तिसरा प्रश्न विचारू: कलई करून वापरणार आहात का? आमसुलाचे किंवा चिंचेचे कालवण कलई नसलेल्या तांब्यात ठेवले तर ते कळकते आणि बाधते. कलईवाला भांडे तापवतो, नवसागर टाकतो, कथील लावून कापसाने पुसतो, आणि काळे भांडे डोळ्यांदेखत चांदीसारखे होते. असे कारागीर आता कमी उरले, पण एखादा गाठून एक-दोन भांडी करून घ्यावीत आणि ईदला त्यांतच बिर्याणी करावी. जी वापरात येणार नाहीत ती विकण्यात काही गैर नाही, सगळ्या हकदारांना विचारले असले म्हणजे झाले. फक्त भांड्याच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेले नाव आणि गाव मोडीत देण्याआधी वाचा. कधी ते आपल्या घराण्यातले नसतेच. पन्नास वर्षांपूर्वी दावतीहून चुकून आलेले शेजाऱ्यांचे भांडे असते.

कॅसेटचा खोका तर कोणी न उघडता फेकू नये. 1973 नंतर तेलाचे पैसे आखातात वाहू लागले आणि कोकणातली माणसे तिकडे गेली, तेव्हा घरी फोन नव्हते. ज्यांना लिहिता येत नव्हते, किंवा लिहून मन भरत नव्हते, ते कॅसेट भरून पाठवत. सुट्टीवर येणाऱ्याच्या हाती ती येई आणि सगळे घर टेपरेकॉर्डरभोवती बसे. आमच्या खोक्यात नातांच्या आणि गाण्यांच्या कॅसेटांमध्ये एक तशी निघाली. वर बॉलपेनने नुसता महिना लिहिलेला. फितीला बुरशी लागली होती. मुंबईत एकाकडून ती साफ करून मोबाईलवर उतरवून घेतली. चाळीस मिनिटांत बरेचसे निरोपच आहेत, विहिरीची मोटर दुरुस्त केली का, धाकट्याची शाळा कशी आहे, कुणाचे पैसे द्यायचे राहिले. मधेच अजान ऐकू येते आणि आवाज थांबतो, मग पुन्हा सुरू होतो. हा आवाज ज्यांचा, त्यांना घरातल्या सात नातवंडांपैकी पाचांनी कधी पाहिलेले नाही. फीत आता ठेवली काय आणि न ठेवली काय, आवाज सातही घरांत गेला.

आपल्या घरांत आणखी एक ढीग असतो, जो इतरांच्या घरी नसतो. ज्यावर अल्लाहचे नाव आहे ते टाकायचे कसे, म्हणून साठलेला. जीर्ण झालेले मुसहफ, सुटे सिपारे, मुलांच्या कायद्यांची फाटकी पाने, वर आयत छापलेल्या लग्नपत्रिका आणि मदरशांची कॅलेंडरे. हे रद्दीत जाऊ शकत नाही, आणि माळ्यावर उंदरांसाठी ठेवणे हाही अदब नव्हे. स्वच्छ कापडात गुंडाळून, जिथे पाय पडणार नाही अशा जागी खोल पुरावेत, किंवा वजन बांधून खोल पाण्यात सोडावेत, अशी रीत आपल्याकडे चालत आली आहे. काही मशिदींत यासाठी पेटी ठेवलेली असते. पत्रिकेवरचा आयतीचा भाग कापून त्या पेटीत टाकला की बाकीचा पुठ्ठा रद्दीत देता येतो. पत्रिकेवर आयत छापण्याची हौसच थोडी आवरली तर हा ढीग निम्मा होईल, पण ते सांगायला गेलो तर लग्नघरची मंडळी रागावतात.

देण्याबद्दल शेवटचे. माळा रिकामा करून गाठोडे सदका म्हणून दिले की आपल्याला दुप्पट हलके वाटते. पण ज्या वस्तू कोणी आपल्याला दिल्या तर आपण डोळे मिटूनच घेऊ, त्या अल्लाहच्या राहात देऊ नयेत, हा सूरह बकरातला इशारा आपण सोयीने विसरतो. तुटलेल्या चेनची बॅग, रंग उडालेला ड्रेस, एका कानाचा कुकर हे दान नव्हे, तो आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकणे आहे. पूर आला की मदत करणाऱ्या तरुणांना "जुने कपडे पाठवू नका" असे हात जोडून सांगावे लागते, ते यामुळेच. धुवा, बटणे लावा, इस्त्री करा, मग द्या. ती ब्लँकेटे घाटावरच्या एखाद्या वसतिगृहाला थंडीआधी पोचवली तर खरोखर अंगावर येतील. डिनर सेट नव्या संसाराला द्या, पूर्ण सहा ताटे असतील तरच.

मोठ्या देगा आणि तबके कोणत्याच फ्लॅटमध्ये मावत नाहीत. काही गावांत जमातीची भांडी असतात, निकाह आणि मय्यतीला कोणीही नेतो, धुऊन परत आणतो. वारसांनी मिळून एखादी देग तिथे दिली, तर ती पुन्हा चुलीवर चढते. देताना कलई करून द्यावी, काठावरचे नाव तसेच राहू द्यावे, आणि जमातीच्या वहीत नोंद करून घ्यावी, म्हणजे दहा वर्षांनी कोणी सुट्टीवर आला आणि "आमच्या आजीची देग कुठे गेली" असे विचारू लागला तर त्याला वहीतले पान दाखवता येईल.