नागपुरात सिरस सर

धरमपेठेतल्या जुन्या इमारतीचा दुसरा मजला. एरवी इथे शिकवणीचे वर्ग भरतात. फळ्यावर कालची गणितं अजून तशीच आहेत आणि त्यांच्यावरूनच पांढरी चादर ताणून पडदा केलाय. एप्रिलची संध्याकाळ. सूर्य गेला तरी भिंती तापलेल्याच आहेत. खिडकीतला कूलर इतका घरघरतोय की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं.

खाली जिन्याशी फलक नाही. पत्ता काल रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आला, तोही नाव नोंदवलेल्यांनाच. दाराशी बसलेली मुलगी प्रत्येकाला विचारते, "फोटोत आलेलं चालेल नं?" जो नाही म्हणेल त्याच्या कपड्यावर ती लाल टिकली चिकटवते. माझ्या आजूबाजूला बहुतेकांच्या खांद्यावर टिकली आहे. एक मुलगा हेल्मेट घालूनच दोन जिने चढून येतो, सतरंजीवर भिंतीला टेकून बसतो आणि मग ते काढतो. केस घामानं कपाळाला चिकटलेले. आपल्या चेल्यांना घेऊन आलेल्या एक गुरू पुढच्या रांगेत ऐसपैस मांडी घालतात आणि पानाचा डबा उघडून सगळ्यांसमोर धरतात. कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर निवृत्त मराठी शिक्षिका आहेत. मागे एक आई, शेजारी तिचा विशीतला मुलगा. पिशवीतून ती पाण्याची बाटली काढते, त्याला देते, तो नको म्हणतो, ती पुन्हा देते.

आज 'अलिगढ' आहे. हंसल मेहतांचा, २०१६ साली चित्रपटगृहांत लागलेला. असा खेळ लावायला परवानगी लागते, ती आयोजकांनी रीतसर पत्र लिहून मिळवली आहे. त्यांच्यातला सगळ्यात वयस्कर माणूस उभा राहून दोनच गोष्टी सांगतो. पहिली, मोबाइल पिशवीत ठेवा. दुसरी, ज्यांच्यावर हा चित्रपट आहे ते डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस याच गावात वाढले, नागपूर विद्यापीठात शिकले आणि १९८५ मध्ये मराठीत पीएच.डी. झाले. गावाचं नाव निघताच पुढच्या रांगेतल्या माना वळतात. बऱ्याच जणांना हे ठाऊक नव्हतं.

पडद्यावर रात्र. सायकलरिक्षा एका इमारतीपाशी थांबते. सिरस सर झालेल्या मनोज वाजपेयींच्या तोंडचं पहिलं वाक्य येतं आणि कुणालाच कळत नाही. ते बोलतातच इतकं हळू.

"कूलर बंद करा नं भाऊ."

"उकडून मरू नं सगळे!"

"मरू द्या जी. सरांचं ऐकू तर येऊ द्या," गुरू मागे न बघताच म्हणतात.

कूलर बंद होतो. पुढचे दोनेक तास आम्ही सगळे घामानं निथळत त्या थकलेल्या, संकोची आवाजाकडे कान लावून बसतो.

८ फेब्रुवारी २०१०. दोन माणसं कॅमेरा घेऊन सरांच्या घरात घुसतात. सर अलिगढ मुस्लिम विद्यापीठात आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख, निवृत्ती काही महिन्यांवर. घुसणाऱ्यांना शिक्षा नाही, निलंबित होतात ते सर. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २००९ मध्येच दोन प्रौढ पुरुषांमधलं संमतीचं नातं गुन्हा नसल्याचं म्हटलेलं असूनही. हा प्रसंग चालू असताना खोलीत कोणी हलत नाही. हेल्मेटवाला मुलगा गुडघ्यात मान घालतो. त्याला न ओळखणारी शेजारची मुलगी पाण्याची बाटली त्याच्याकडे सरकवते.

मग सर एकटे खुर्चीत बसून, हातात पेला घेऊन लताबाईंचं गाणं ऐकतात. 'अनपढ'मधलं, मदनमोहनची चाल. सर डोळे मिटून गुणगुणतात. माझ्या डावीकडून एक बारीक आवाज त्यांच्यात मिसळतो. मग मागून दुसरा. शिक्षिकाबाईही गाताहेत, ओठातल्या ओठात. चित्रपटगृहात एखाद्यानं "शूऽऽ" केलं असतं. इथे कोणी करत नाही.

न्यायालयात सरांना डुलकी लागते तेव्हा सगळे मोकळेपणी हसतात. आपल्या घरातल्या म्हाताऱ्याला हसावं तसं. त्या हसण्यातच सर आमचे होतात, असं मला वाटतं. त्यामुळेच शेवट फार लागतो. १ एप्रिल २०१० रोजी अलाहाबाद उच्च न्यायालय निलंबनाला स्थगिती देतं. ७ एप्रिलला सर भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडतात.

दिवे लागतात. कूलरकडे कोणी जात नाही. डोळे पुसायला ओढण्या, रुमाल, बाह्या.

पहिला प्रश्न आईचा येतो. "सरांच्या जेवणाखाण्याचं कोण पाहत होतं जी?"

"एकटेच राहत होते, काकू."

"पण डबा तरी?"

उत्तर कोणाकडेच नसतं. तिचा मुलगा आता बाटलीतलं पाणी पितोय.

वयस्कर आयोजक समलिंगी प्रेमावरच्या चित्रपटांविषयी बोलू लागतात. १९९८ मध्ये 'फायर' लागला तेव्हा मुंबई-दिल्लीत चित्रपटगृहं फोडली होती, हे त्यांनी तरुणपणी वर्तमानपत्रात वाचलेलं. श्रीधर रंगायन यांच्या 'गुलाबी आईना'ला पुढे सेन्सॉरनं प्रमाणपत्रच नाकारलं. त्याच रंगायन यांनी २०१० मध्ये मुंबईत 'कशिश' महोत्सव सुरू केला, तो मोठ्या चित्रपटगृहात, उघडपणे. आणि रोहन कानवडेंचा 'सबर बोंडं' तर मराठीच. दोन पुरुषांचं गावाकडचं प्रेम, आणि २०२५ मध्ये सनडान्सला जागतिक कथाचित्रपटांचं सर्वोच्च पारितोषिक. "तो बी दाखवा की मग इथं," मागून कोणीतरी म्हणतं आणि टाळ्या पडतात.

हेल्मेटवाला मुलगा हात वर करतो, पुन्हा खाली घेतो, पुन्हा वर करतो. "मी हा फोनवर पाह्यला होता. पांघरुणात, कानात इअरफोन घालून. आज मोठ्यानं ऐकला." एवढं बोलून तो बसतो.

माझ्या मते असे खेळ हवेत ते याचसाठी. चित्रपट तोच असतो, पण तो पाहताना आपल्याला कोणीतरी पाहिलेलं असतं आणि तरीही उठून गेलेलं नसतं. असं नातं गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७चा फास ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सोडवला. लाल टिकल्या मात्र आज २०१८च्या नंतरही लागताहेत. त्या गळायला निकालपत्र पुरणार नाही, शेजारी बसणारी माणसं लागतील.

शिक्षिकाबाई सगळ्यांत शेवटी उठतात. आवाज कापरा, पण वर्गात बोलावं तसा स्पष्ट. "सिरसांच्या 'पायाखालची हिरवळ' या कवितासंग्रहाला २००२ मध्ये महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. आपल्या विद्यापीठाचा माणूस. मी अख्खं आयुष्य मराठी शिकवली अन् त्यांची एक ओळ मला येत नाही. कोणाकडे आहे का पुस्तक?"

खोलीतल्या कोणाकडेच नाही. दाराशी बसलेली मुलगी नोंदवहीच्या मागच्या पानावर संग्रहाचं नाव लिहून घेते.

मराठीचे विभाग, वाचनालयं, गावोगावची साहित्य मंडळं यांना माझी विनंती आहे. सिरसांचा संग्रह शोधा, कपाटात दर्शनी ठेवा, त्यावर एक संध्याकाळ बोला. आणि त्या संध्याकाळी 'अलिगढ' लावा, दार उघडं ठेवून, खाली जिन्याशी फलक लावून.