आधी बघा, मग पुसा

इंजिन थंड झालं की प्लगपान्यानं स्पार्क प्लग सोडवायचा आणि तळहातावर घ्यायचा. टोकाचा चिनी मातीचा भाग विटकरी-तपकिरी दिसला तर गाडीची तब्येत ठीक आहे. कोरडी काळी काजळी दिसली, तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी जाते आहे; बहुधा एअर फिल्टर चोंदला आहे. काळा आणि तेलकट ओला असेल, तर ऑइल जास्त पडलं आहे किंवा रिंगा झिजल्या आहेत. राखेसारखा पांढरा दिसला, तर इंजिन तापतं आहे आणि गाडी तशीच पळवली तर पिस्टन पकडेल. जुनी मोटरसायकल घरी सांभाळणाऱ्याचं शिक्षण इथून सुरू होतं. नवखा माणूस प्लग हातात आला की आधी फडक्यानं पुसतो. जाणता आधी बघतो.

धाराशिव जिल्ह्यात ही विद्या घरोघरी का रुजली, ते नकाशा पाहिला की कळतं. जिल्ह्यात तालुके आठ: धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी. बालाघाटाच्या पठारावर वाड्या-वस्त्या दूरदूर विखुरलेल्या. भूमकडचा खवा असो की कुठल्याही गावचं दूध, ते वेळेत पोचलं नाही तर नासतं. मोठं स्पेअर पार्टचं दुकान गाठायचं तर सोलापूर, म्हणजे धाराशिवपासून ७० किलोमीटरच्या आसपास. किरकोळ बिघाडासाठी तेवढं जाऊन येण्यात अख्खा दिवस जातो, आणि मोडलेली गाडी स्वतःहून तिथे जात नाही. पाना हातात घेण्याला पर्यायच नव्हता.

पण गरज असली म्हणून कुणी लगेच कारागीर होत नाही. हाताला आधीची सवय लागते. ती सवय विहिरीवरच्या इंजिनानं लावली. पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी १९४६ साली सुरू झाली आणि पुढच्या काळात मोटेइतकंच डिझेल इंजिनही मराठी शेतकऱ्याच्या ओळखीचं झालं. पाण्याची पाळी सोडून कुणी तालुक्याला मिस्त्री शोधत बसत नाही. फिल्टर धुणं, डिझेलच्या नळीतली हवा काढणं, रिंगा गेल्या की धुरावरून ओळखणं हे शेतातच शिकून झालं होतं. पुढे दारात मोटरसायकल आली तेव्हा ती त्या माणसाला परकी वाटली नाही. तेही इंजिनच, फक्त लहान.

या कहाणीतली मानाची गाडी राजदूत. पोलंडच्या एसएचएल एम-११ या मोटरसायकलवरून एस्कॉर्ट्स कंपनीनं साठच्या दशकाच्या सुरुवातीला ती भारतात आणली. १७३ सीसीचं दोन-स्ट्रोक इंजिन, तीन गियर आणि सायकलीपेक्षा बैलगाडीशी नातं सांगणारी भक्कम बांधणी. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या आणि मागे माणूस, असं ओझं तिनं वर्षानुवर्षं वाहिलं. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची जावा होती. १९७३ पासून ती येझदी या नावानं ओळखली जाऊ लागली. तिची किक हीच गियरची दांडी, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला आजही नवल वाटतं. मराठवाड्यात बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी बजाजची एम-८० बाजारात आली. हातातले गियर, लहान इंजिन आणि मागे वाटेल तेवढं ओझं, यामुळे ती खेड्यातल्या दारादारात दिसू लागली.

या दोन-स्ट्रोक गाड्यांची देखभाल समजण्यासाठी एकच गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते. त्यांच्या क्रँकला, पिस्टनला आणि सिलिंडरला वेगळं ऑइल मिळत नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल पेट्रोलबरोबरच क्रँककेसमध्ये येतं आणि बेअरिंगवर, सिलिंडरवर पसरतं. जुन्या गाड्यांना लिटरमागे साधारण चाळीस-पन्नास मिलिलिटर ऑइल लागे. ते विसरलं, तर काही किलोमीटरांत पिस्टन जाम. जास्त घातलं, तर प्लग काळा आणि सायलेन्सर काजळीनं तुंबलेला.

तुळजापूरचा घाट सोलापूरच्या बाजूला उतरताना जुने राजदूतवाले अधूनमधून क्लच दाबून ॲक्सिलेटर किंचित पिळत, त्याचं कारणही हेच. उतारावर ॲक्सिलेटर बंद आणि गाडी गियरमध्ये असली, की इंजिन वेगानं फिरत राहतं, पण पेट्रोल जवळजवळ बंद झाल्यानं ऑइलही मिळत नाही. मधूनच पिळलं की इंजिनाला घोटभर ऑइल मिळे. ज्याला हे ठाऊक नव्हतं, त्याची गाडी घाटाच्या पायथ्याशी थांबे आणि बिचारा चढण नसतानाही गाडी का बसली याचं कोडं सोडवत राही.

घरच्या दुरुस्तीचा खरा कस लागतो तो पॉइंटपाशी. मॅग्नेटच्या चक्राखाली पॉइंट नावाची इवलीशी जोडी असते. ती उघडते त्या क्षणी कॉइलमधून ठिणगी प्लगपर्यंत जाते. जोडीतलं अंतर साधारण ०.४ मिलिमीटर हवं. मोजायला फिलर गेज असतो. तो नसेल तर दाढीचं पातं साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचं असतं, म्हणून चार पाती एकावर एक ठेवून अंदाज घेणारे हात होते. प्लगच्या फटीसाठी हॅकसॉ ब्लेडच्या जाडीचा आधार. प्लग हेडवर टेकवून किक मारली आणि निळी, तडतडणारी ठिणगी दिसली तर ठीक. पिवळी, मरगळलेली ठिणगी दिसली आणि पॉइंट जळकट असतील, तर संशय कंडेन्सरवर. पॉइंट बारीक पॉलिश पेपरनं घासून उजळता येतात, पण कंडेन्सर बदलला नाही तर ते पुन्हा जळतात. पुसणारा इथे फसतो. काळेपणा त्यानं काढलेला असतो, काळेपणाचं कारण तसंच राहतं.

१९८५ साली हिरो होंडाची सीडी-१०० आली आणि चित्र पालटलं. ९७.२ सीसीचं चार-स्ट्रोक इंजिन, ऑइल वेगळं, पेट्रोल कमी, धूर जवळजवळ नाही. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा आशयाची तिची जाहिरात होती आणि गाडीनं ती बरीचशी खरीही करून दाखवली. दोन-स्ट्रोक इंजिनात थोडं पेट्रोल न जळताच धुराड्यातून बाहेर जातं. सन २००० पासून धुराचे नियम कडक झाले आणि त्या गाड्या मागे पडल्या. हे योग्यच झालं. जुन्या गाडीवर जीव असणाऱ्यानंही ते मान्य करायला हवं.

पण चार-स्ट्रोक गाडी विसरायची नसते. तिच्या पोटात जेमतेम लिटरभर ऑइल असतं. ते काळं, पातळ होईपर्यंत चालवलं तर वरचा कॅम झिजतो आणि हेडमधून टकटक सुरू होते. वाल्व्हची टॅपेट इंजिन पूर्ण थंड असताना, चक्रावरची टी खूण जुळवून बघायची. फट फक्त ०.०५ मिलिमीटर. आवाज नको म्हणून टॅपेट घट्ट आवळणारे पुष्कळ असतात. मग वाल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची कड जळते आणि किक मारूनही दाब लागत नाही. थोडा टकटक आवाज करणारी टॅपेट मुक्या टॅपेटपेक्षा बरी.

या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे धूळ. उन्हाळ्यात काळ्या रानातून जाणारी गाडी एक हंगाम फिल्टर न धुता चालवली, की तीच धूळ सिलिंडरला घासते. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवून, सावलीत वाळवून, थोडं तेल लावून पिळून बसवायला अर्धा तास लागतो. सिलिंडर बोर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवायला लेथवाल्याकडे जावं लागतं. चेनला जळकं ऑइल चोपडायची पद्धत आहे, पण त्यात धातूचा कीस असतो. गियर ऑइल चांगलं. जळकं ऑइल कडुलिंबाच्या बुडाशी किंवा विहिरीच्या कडेला ओतू नये. इथे पाणी मोलाचं आहे. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ड्रममधली भुकटी तोंडानं फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची.

आता एक नवी काळजी आली आहे. पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलं जातं. ऊस याच मातीतला, इथेनॉल करणारे साखर कारखानेही इथलेच, आणि तेच इथेनॉल टाकीत येतं. शेतकऱ्याच्या उसाला त्यानं एक गिऱ्हाईक मिळालं. मात्र जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि वॉशर अशा पेट्रोलसाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीला आतून गंज धरतो आणि कार्बोरेटरचं जेट बुजतं. उपाय साधा आहे. गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करायचा आणि नळ्या नव्या जातीच्या घ्यायच्या.

घरी दुरुस्तीचा फायदा म्हणून लोक वाचलेले पैसे मोजतात. ते वाचतातच. पण गॅरेजवाल्यापुढे दहा गिऱ्हाइकं असतात. तो प्लग बदलतो, पैसे घेतो आणि गाडी चालू होते. त्याचं चुकत नाही; बघत बसायला त्याच्याकडे वेळच नाही. घरच्या माणसाकडे मात्र रविवारची अख्खी सकाळ असते. प्लग काळा का झाला, हे शोधायची सवड हीच घरच्या दुरुस्तीची खरी कमाई. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करताना माणूस बैलाच्या खांद्यावरून हात फिरवतो, तेव्हा जू कुठे घासलं हे हाताला कळतं. ते ओरखडे आधी दिसावे लागतात, तेल-हळद नंतर.

नवरात्रात तुळजापूरकडे जाणाऱ्या वाटा भक्तांनी भरलेल्या असतात, आणि खंडेनवमीला दारोदारी हत्यारांची पूजा होते. विळा, कुऱ्हाड, पाभर यांच्या शेजारी १०-११ चा डबल पाना, पक्कड, प्लगपाना मांडला जातो. पूजेआधी ही सगळी हत्यारं पुसून घ्यावी लागतात. पुसताना जरा थांबावं. झिजलेल्या तोंडाचा पाना नटाचे कोपरे खातो, हे त्याच वेळी दिसतं. तो बाजूला काढावा, बाकीच्यांना हळद-कुंकू वाहावं, आणि शेजारी उभ्या पोराच्या तळहातावर प्लग ठेवून विचारावं, रंग कसा आहे? त्यानं नीट बघून सांगितलं, की मग फडकं द्यावं.