पातळ तळाचे बूट: घ्यावेत का, आणि घ्यायचे तर कसे?

आपल्यापैकी बरीच मंडळी आता क्रॉयडनच्या रस्त्यांवर पहाटे पळताना दिसतात. कोणी हाफ मॅरेथॉनची तयारी करते, कोणाचा लंडन मॅरेथॉनच्या सोडतीत नंबर लागलेला असतो. अशा मंडळींकडून एक प्रश्न वारंवार येतो: ते पातळ तळाचे, जवळजवळ अनवाणी वाटणारे 'मिनिमलिस्ट' बूट लांब पळण्यासाठी घ्यावेत का? नव्या जोडाला बहुधा शंभर पौंडांच्या वर पडतात, आणि निवड फसली तर पायाच्या हाडावर बेतते. तेव्हा विषय खिशाचाही आहे आणि प्रकृतीचाही.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहू. नेहमीच्या पळण्याच्या बुटात टाचेखाली फोमचा जाड थर असतो आणि टाच चवड्यापेक्षा साधारण १० मिलिमीटर उंच असते. या फरकाला दुकानात 'ड्रॉप' म्हणतात, आणि पाय व जमीन यांमधल्या एकूण जाडीला 'स्टॅक'. मिनिमलिस्ट बुटात हे दोन्ही आकडे अगदी लहान असतात. शिवाय बूट वजनाला हलका, हाताने गुंडाळता येईल इतका लवचिक, आणि पाऊल आत कलू नये म्हणून घातलेले आधार त्यात नसतात. २०१५ साली ११ देशांतल्या ४२ तज्ज्ञांनी याच पाच गोष्टींवरून बुटाला शंभरपैकी गुण देण्याची पद्धत सुचवली. ती मला पटते, कारण 'मिनिमलिस्ट' असे खोक्यावर छापले की बूट मिनिमलिस्ट होत नाही. बोटांजवळची रुंदी मात्र या पाचांत नाही, आणि माझ्या मते लांब पळणाऱ्याने तीच आधी पाहावी.

अनवाणी पळणे आपल्याला नवे नाही. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकरी घरांतली मुले अनवाणी पळताना सर दोराबजी टाटांनी पाहिली आणि त्यांच्या वेळा पाहून ते थक्क झाले. पुढच्याच वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. ते अंतर ४२.७५ किलोमीटर होते. त्यांनी ते २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पार केले आणि १९ वा क्रमांक मिळवला. १९६० साली रोमला इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला. अलीकडे आपल्या मिलिंद सोमण यांनी २०१७ साली फ्लोरिडातल्या अल्ट्रामॅन स्पर्धेतले ८४ किलोमीटरचे धावणे अनवाणी पूर्ण केले. ही उदाहरणे ऐकून हुरूप येतो हे खरे. पण पुण्याच्या त्या मुलांचे पाय जन्मापासून मोकळे होते. आपले पाय शाळेपासून बुटात आणि नंतर दिवसभर कार्यालयाच्या टेबलाखाली.

२००९ साली ख्रिस्तोफर मॅकडूगल यांचे 'बॉर्न टु रन' हे पुस्तक आले. मेक्सिकोतले रारामुरी लोक टायर कापून केलेल्या चपला घालून डोंगरात मैलोन्‌मैल पळतात, असे त्यात वर्णन आहे. (टायरच्या चपला आपल्या खेड्यांतही होत्याच की! त्यावर कोणी पुस्तक लिहिले नाही इतकेच.) त्यानंतर या बुटांची लाट उसळली. पाच बोटांचे बूट विकणाऱ्या व्हायब्रम कंपनीवर अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला, की पायाचे स्नायू बळकट होतात व दुखापती टळतात या जाहिरातीला पुरेसा आधार नाही. कंपनीने चूक मान्य केली नाही, पण २०१४ साली ३७.५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले.

मग खरे काय? २०१० साली 'नेचर' या नियतकालिकात डॅनियल लीबरमन व सहकाऱ्यांनी दाखवले की सवयीने अनवाणी पळणारे बहुधा चवड्यावर उतरतात आणि टाच आपटण्याचा अचानक धक्का त्यांना बसत नाही. परंतु भार कुठे तरी जातोच. गुडघ्यावरचा थोडा कमी होतो आणि पोटरी, टाचेमागची जाड शीर व पावलाची लांब हाडे यांवर वाढतो. २०१३ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात सरावाच्या पळणाऱ्यांनी दहा आठवड्यांत हळूहळू पाच बोटांच्या बुटांची सवय केली. त्यांतल्या १९ जणांपैकी १० जणांच्या पावलाच्या हाडांत एमआरआयवर सूज वाढलेली दिसली. उलट, लिव्हरपूल विद्यापीठाच्या २०२१ सालच्या अभ्यासात सहा महिने असे बूट रोजच्या वापरात ठेवणाऱ्यांच्या बोटांची ताकद सुमारे ५७ टक्क्यांनी वाढली. हे लोक बूट घालून मॅरेथॉन पळत नव्हते, नेहमीचे व्यवहार करत होते. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की वाट दिसते: आधी चालणे, मग थोडे पळणे, आणि तेही दहा आठवड्यांपेक्षा बरेच सावकाश.

आपल्या घरांसाठी दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत. एक, ड जीवनसत्त्व. सावळ्या त्वचेला इथल्या उन्हातून ते पुरेसे मिळत नाही. म्हणून आपल्यासारख्यांनी वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घेण्याचा विचार करावा असे एनएचएस सांगते. ते कमी असताना हाडांवर जादा भार टाकणे धोक्याचे. दुसरी, मधुमेह. तो आपल्या लोकांत जास्त आढळतो, आणि त्यात पावलांची संवेदना कमी होऊ शकते. पातळ बुटाचा सारा कारभार पायाला जमीन जाणवण्यावर चालतो. तेव्हा मधुमेह असलेल्यांनी एनएचएसच्या वार्षिक पाय-तपासणीत विचारल्याशिवाय हे बूट घेऊ नयेत. मुलाचा उत्साह पाहून आई-बाबांनाही तसाच जोड आणून देणे तर नकोच.

निवडताना संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची रेघ काढावी. बुटातला सुटा सोल काढून त्या आकृतीवर ठेवावा. बोटे बाहेर डोकावत असतील तर तो बूट परत. लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि मोजमाप मोठ्या पावलाचे धरावे. झीरो शूज किंवा लंडनची विवोबेअरफूट या कंपन्यांचे बूट खरे पातळ असतात. अल्ट्राच्या बहुतेक बुटांचा ड्रॉप शून्य, पुढचा भाग रुंद, पण खाली गादी असते. डांबरी रस्त्यावर २० किलोमीटरच्या पुढे जाणाऱ्या बहुतेकांना मी हा मधला प्रकारच सुचवेन. पातळ जोड चालायला आणि आठवड्यातून एकदोनदा छोट्या फेरीला ठेवावा. आम्हा संगणकवाल्यांची एक सवय इथे उपयोगी पडते: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बूट बदलले त्या महिन्यात अंतर आणि वेग वाढवू नये.

पोटरी दुखली तर सहसा विश्रांतीने भागते. पावलाच्या वरच्या बाजूला बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल तर पळणे थांबवून जीपीला दाखवावे. हाडाची बारीक चीर सुरुवातीला एक्सरेवर दिसेलच असे नाही.

खर्चाचे म्हणाल तर ऑनलाइन घेतलेला माल हाती आल्यापासून १४ दिवसांत खरेदी रद्द करण्याचा हक्क २०१३ च्या नियमांनी दिला आहे. मात्र तोवर बूट घरातल्या गालिच्यावरच घालून पाहावेत. फोमचे बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटरांत बसतात. पातळ बुटात बसण्यासारखे फारसे काही नसल्याने रबर झिजेपर्यंत ते चालतात.

सुरुवातीला वँडल नदीकाठची सपाट वाट बरी, वॉडन पाँड्सपासून कारशॉल्टनच्या दिशेने. अ‍ॅडिंग्टन हिल्सचा चढउतार पहिले काही महिने टाळावा. उतारावर पातळ तळ फार जाणवतो. लॉइड पार्कातल्या शनिवारच्या पार्करनला पावसाळी हवेत गवत आणि चिखल असतो, तिथे गुळगुळीत तळाचे रस्त्याचे बूट घसरतात. ओले ट्रामचे रूळ ओलांडताना पाऊल आडवे टाकावे.