यंत्रसाहाय्य आणि जाणत्यांचे श्रेय

एखाद्या विशाल कंपनीच्या कारभारात कृत्रिम बुद्धिमत्तेचा साहाय्यक रुजवावयाचा, म्हणजे परवाने विकत घेऊन कर्मचाऱ्यांना एक हुकूम धाडावयाचा, अशी जी समजूत आढळते, ती अपुरी आहे. एरिक ब्रिन्योल्फसन, डॅनिएल ली आणि लिंडसे रेमंड या अमेरिकेतील संशोधकांनी एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीतील ५,००० हून अधिक ग्राहकसेवकांचे कामकाज तपासून २०२३ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यानुसार उत्तरे सुचविणाऱ्या साहाय्यकामुळे दर तासाला निकालात निघणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. नवख्यांच्या बाबतीत ही वाढ सुमारे ३४ टक्के होती, तर मुरलेल्यांना लाभ अल्पच झाला. कुशल सेवकांच्या पूर्वीच्या संभाषणांतून जे चातुर्य यंत्राने टिपले होते, तेच चातुर्य ते यंत्र नवागतांच्या हाती देत होते, हे संशोधकांनी सुचविलेले कारण मला फार महत्त्वाचे वाटते. म्हणून असा साहाय्यक आणणाऱ्यांनी प्रशिक्षणाची तजवीज करावी, गोपनीय दस्तऐवजांविषयी स्पष्ट ताकीद द्यावी, अंतिम उत्तराची जबाबदारी माणसाकडेच ठेवावी आणि ज्यांच्या अनुभवावर हे यंत्र पोसले जाते, त्या जाणत्यांना त्यांच्या ज्ञानाचा यथोचित मोबदला द्यावा. कारण त्यांनी शिकविणे सोडले, तर यंत्राजवळ शिकण्यासारखे नवे काही उरणार नाही.